शेगडीचा विसार

धूर धुराड्यातून जातो, धूर धुराड्यातून जातो, हे पालुपद आधी बंद करा बाबा. सगळा धूर वर जातो, तर मग आईच्या छातीत काय शिरलंय? (हा झाला राग. आता रीतसर लिहितो.)

तीर्थरूप बाबांच्या पायांवर धाकट्याचं डोकं. मी इथे बरा आहे. तुमची तब्येत विचारत नाही, ठणठणीत माणसाला काय विचारायचं? आईची विचारली तर तुम्ही म्हणणार, "बरी आहे." तीही फोनवर तेच म्हणते, फक्त "बरी" आणि "आहे" यांच्यामध्ये एकदा श्वास घ्यायला थांबते. पूर्वी ती मला एका दमात जन्मापासूनचे गुन्हे ऐकवायची. परवा "गाढवा" म्हणाली आणि थांबली. मी आपला फोन कानाला लावून उभा, की आता पुढचं येईल. आला तो खोकला. उरलेल्या शिव्या न खाताच फोन ठेवला, तेव्हापासून घास उतरत नाही.

आणि मी पाठवलेल्या विजेच्या हीटरचं तुम्ही काय केलंत? ताईने सगळं सांगितलंय. म्हणे, "उघडंवाघडं यंत्र, ऊब धरणार कशी?" म्हणून चारी बाजूंनी विटा रचल्या, मातीचा गिलावा केला, वर वीतभर धुराडं काढलं. (विजेला धुराडं!) गिलावा ओला, आत वीज, अख्ख्या गल्लीचे दिवे गेले. वर अंधारात म्हणालात, "बघा, लाकूड असा दगा देत नाही." आणि पेटवलीत शेगडी. डॉक्टर म्हणाले घरात धूर नको, तर तुम्ही खिडकी उघडलीत. आईला गारठा लागला, म्हणून दोन ओंडके जास्त. धूर वाढला, म्हणून दुसरी खिडकी. असंच चाललं तर तुम्ही भिंत पाडाल, पण शेगडी विझवणार नाही.

तुम्हाला पुरावा हवा ना? आईने विणलेला पांढरा मफलर तुम्ही पाठवलात, घडी न मोडलेला, कपाटात ठेवलेला. मी कामाला आहे त्या लॉण्ड्रीत तो हॉटेलच्या टॉवेलांबरोबर मशीनमध्ये टाकला. (लोकरीचं वेगळं धुतात हे मला ठाऊक आहे. घाई होती.) मशीनमधून गढूळ काळं पाणी आलं, टॉवेल उंदरासारखे करडे झाले आणि मफलर आटून मांजराच्या मापाचा. आमची मुकादमीण ओरडली, "तुझी आई कोळशाच्या खाणीत बसून विणते का रे?" मी म्हटलं, नाही, घरात बसून विणते. बाबा, बंद कपाटातल्या लोकरीत एवढी काजळी, तर जी बाई दिवसभर त्या धुरातच बसते तिच्या आत किती असेल? लोकर निदान धुता तरी येते.

ती शेगडी तुम्ही लग्नानंतर आईला थंडी सोसत नाही म्हणून बांधलीत, हे मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. म्हणूनच ती तोंडातून ब्र काढत नाही.

तुमचा,
धाकटा

ता. क. : हे पत्र आईला वाचून दाखवू नका. हसली तर तिला दम लागतो.

आणखी एक ता. क. : दुसरा हीटर ट्रकवाल्याकडे दिलाय. त्या हीटरला विटा दाखवू नका.

शेवटचा ता. क. : वरचं सगळं मुलगा म्हणून लिहिलं, ते तुम्ही ऐकणार नाही. आता गिऱ्हाईक म्हणून लिहितो. मिस्त्री, एक शेगडी पाडायची आहे, धुराड्यासकट, आणि भोक बुजवून वर गिलावा. विसार घेतला की तुम्ही काम सोडत नाही; तापाने फणफणत असताना त्या शाळेतल्या बाईंची शेगडी पुरी केली होतीत. म्हणून विसार पाठवतोय. टॉवेलांचे पैसे पगारातून कापून उरले तेवढे सगळे : तेवीसशे चाळीस.