लिगायांचे पातेले

मी, त्र्यंबक विष्णू आपटे, वय बहात्तर, राहणार बॉथेल, वॉशिंग्टन, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, सकाळचा चहा घेऊन लिहीत आहे. रक्तदाब थोडा जास्त आहे. बुद्धी जागेवर आहे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलगा सिद्धेश यास मिळावी. शेजारच्या श्रीरामने नेलेले माझे ड्रिल सहा वर्षांत परत आलेले नाही. ते त्याचेच समजावे, पण मी विसरलो नव्हतो हे त्याला कळवावे.

२. पत्नी कै. मालिनी हिची विळी खालच्या मजल्यावरील लिगाया यांस द्यावी. त्या फिलिपिन्सच्या बिकोल भागातल्या. मालिनीच्या आजारपणात त्या रोज वर येत, विळीवर बसून नारळ खोवत. "आमच्या घरी सेम," म्हणत, इंग्रजीतच. मग खाली आपल्या घरी वाळवलेली अळूची पाने त्या नारळाच्या दुधात, भरपूर मिरच्या घालून शिजवत. मालिनीसाठी एखादीच मिरची. ह्या भाजीला त्या लाईंग म्हणत. दूध आटेपर्यंत ढवळायचे नाही, नाहीतर घसा खाजतो, असे बजावत. मालिनीला पाणीसुद्धा नकोसे झाले होते, पण ही भाजी मऊ भातात कालवून ती खायची.

३. फ्रीजवरील छोटे स्टीलचे पातेले लिगाया यांचे आहे. मार्च २००४ मध्ये मी त्यांच्या दारात गेलो, तेव्हा त्या शेगडीवरच्या लाईंगमध्ये आंबवलेली कोळंबी घालताना दिसल्या. मालिनीने जन्मात मासे खाल्ले नव्हते. माझे डोके फिरले. "उद्यापासून वर येऊ नका," म्हणालो. "काका, वेट, लिसन," त्या म्हणाल्या. मी ऐकले नाही.

मालिनी विचारायची, "लिगाया का हो येत नाही?" मी सांगितले, गावी गेली. "मला न सांगता?" एवढेच म्हणाली. सतराव्या दिवशी मालिनी गेली. त्या दिवसांत तिने धड काही खाल्ले नाही.

तेराव्यानंतर फ्रीझर आवरताना हे पातेले मागे सापडले. झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर लिगायांच्या अक्षरात: मालिनी, नो श्रिंप. तिच्यासाठी पहिल्यापासून वेगळे शिजत होते. ती भाजी गरम करून मी एकटा जेवलो. मी अपराधी आहे. ह्याला दुसरा शब्द नाही.

पातेले साडेतीन वर्षे माझ्याकडेच आहे. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करायचे नाही ही मालिनीची शिस्त, आणि त्यात काय घालून नेऊ हे मला सुचले नाही. सिद्धेशने ह्या कलमाचे इंग्रजी भाषांतर त्यात घालून ते नेऊन द्यावे आणि माझ्या वतीने माफी मागावी.

४. वरील मजकूर साक्षीदार सरला यांना वाचून दाखवला. "काका, ती खालीच तर राहते! तिची कार उभी आहे बघा. आत्ता जाऊ या ना, मी येते," त्या म्हणाल्या. मी पातेले घेतले, चपला घातल्या, चार पायऱ्या उतरलो. खालून नारळाचे दूध आटत असल्याचा वास येत होता.

मग परत वर येऊन ही सही केली.

त्र्यंबक विष्णू आपटे
साक्षीदार: सरला देवधर, श्रीरंग मोडक
बॉथेल, रविवार, दि. १४ ऑक्टोबर २००७