वाय म्हणजे व्हय

जोगेश्वरी, १२ नोव्हेंबर १९८८

तीर्थरूप गुणाजीकाकांस लवूचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि काकीचा दमा थंडीत त्रास देत नसतील, अशी आशा. जत्रेला येणं यंदाही कठीण; रजा नाही.

तुम्ही विचारलंत, कॉम्प्युटरवर करतोस तरी काय? काका, हुकूम देतो. अंधेरीच्या आमच्या कंपनीत प्रोग्रॅम लिहितात. तो चालवून बघायला रोज तेच दहा-बारा हुकूम टाइप करायचे, एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. (जत्रेत देवापुढे तुम्ही घालता त्या गाऱ्हाण्यात एखादा देव राहिला की होतं, तसंच.) तर शेजारच्या टेबलावरच्या नलिनीने (पार्ल्याची, माझ्यासारखीच उमेदवारीवर) सगळे हुकूम ओळीने एका फाइलीत लिहून ठेवले. आता नुसतं 'के' दाबायचं, के म्हणजे काम, की सगळं आपोआप, क्रमाने! धुळीच्या भीतीने आमच्या चपला दाराबाहेरच असतात, नाहीतर मी तिथेच काढल्या असत्या.

परवा मला वाटलं, जुना कचरा आपणच साफ करावा. शिरलो भलत्याच कप्प्यात. यंत्राने विचारलं, सगळं पुसू? नक्की? वाय की एन? आता तुमच्या गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला 'व्हय म्हाराजा' म्हणत वाढलेला मी. वाय म्हणजे व्हय. दाबलं! सहा महिन्यांचं काम गेलं. नलिनी म्हणाली, "अरे, केची पहिली ओळ कधी वाचलीस का?" ती ओळ रोज सगळ्याची नक्कल फ्लॉपीवर करून ठेवत होती. अर्ध्या तासात सगळं जागेवर. काका, एका अक्षरात एवढी दूरदृष्टी! मला खरंच भरून आलं.

बातमी साहेबांपर्यंत गेली. पुसलं कोणी, हे त्यांनी विचारलंच नाही. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ही फाइल तुझीच ना?" आणि सवयीने माझ्या तोंडून जे निघायचं ते निघालं.

तुमचा लवू

ता. क. दोघांपैकी एकालाच कायम करणार होते. मला केलं. नलिनी माझ्याशी बोलत नाही. 'के' मात्र अजून वापरू देते. खोट्या 'व्हय'वर गाऱ्हाण्यात काही उतारा असला तर कळवावा. पत्र त्यासाठीच.

ता. क. २. पत्र पेटीत टाकायचं राहिलं होतं, बरं झालं. आज साहेबांना सांगितलं, फाइल नलिनीची आहे, कायम तिला करा. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "नक्की?" जन्मात पहिल्यांदा विचार करून म्हटलं, व्हय. उतारा नको. जत्रेला येतोय, चांगला महिनाभर. रजेचा प्रश्न सुटला.