आधी वाढं, मग मोळी

धारूर, शनिवार, संध्याकाळ

आज इतकी खूश आहे की अक्षर वाकडं येतंय. सोमवारी वर्गापुढे कोलॅजेन, म्हणजे कातडी-हाडं बांधून ठेवणारं प्रथिन, शिकवून दाखवायचंय, आणि चार दिवस एकाच प्रश्नापाशी अडले होते. पेशी तीन साखळ्यांना पीळ घालून कोलॅजेनचा दोर बनवते, पण दोन्ही टोकं तशीच ठेवून तो बाहेर पाठवते. टोकं कापली जातात ती बाहेर. का? आतच का नाही?

आई भाकरी थापत होती. लुगडं वर खोचलेलं, नडगीवर कोयत्याचा तो जुना पांढरा वण. वैतागून तिलाच विचारलं.

"अगं, शेंड्याचं वाढं तोडल्याबिगर उसाची मोळी बांधतंय का कुणी? अन् घरात बांधली तर दारातून निघंल का ती?"

बरोबर! टोकं आहेत तोवर हे दोर एकमेकांना धरत नाहीत. बाहेर शेंडे छाटले की शेजारी शेजारी बसतात आणि आपोआप जाड तंतू होतो. आतच छाटले असते तर पेशी स्वतःच्याच मोळीत अडकली असती! दर हंगामात ऊस तोडणारी आई घरात, आणि मी पुस्तकं चाळत बसले होते.

मग तिच्या वणावर बोट ठेवलं. "आई, हे सगळं इथं झालंय. तुझी जखम अशाच मोळ्यांनी भरली."

तिने पिठाचा हात वणावरून फिरवला.

"माझ्या पायात एवढ्या मोळ्या? अन् त्या बी मुकादमाबिगर?"