यकृत पुन्हा वाढतं

धम्मदीप, जयभीम.

मागच्या सुट्टीत तू बाबांना समजावलंस, की बॉस्टनच्या प्रयोगशाळेत तुम्ही उंदराचं दोन तृतीयांश यकृत कापता, तरी शरीर वाढीचे संदेश धाडतं आणि उरलेल्या पेशी ते भरून काढतात. बाबा अख्ख्या कात्रजला अभिमानाने सांगत सुटले.

आता त्यांचंच यकृत दगड झालंय. त्याला कुठलाच संदेश पोचत नाही. माझ्या यकृताचा तुकडा द्यायचा, तर माझा रक्तगट जुळला नाही. तुझा जुळतो. तू फोनवर म्हणालास, "आई, माझं कापण्यात रिस्क आहे." तुझे उंदीर असं कधी म्हणाले नाहीत वाटतं.

आज डॉक्टरांनी सांगितलं, की आता बाबांना ऑपरेशन झेपणार नाही. बाबा म्हणाले, "अगं, त्याला रजा मिळाली नसेल. त्याला काही बोलू नकोस."

म्हणून हे पाठवत नाही. रविवारी तुझा फोन येईल, तेव्हा मीही रजेचंच विचारीन.

आई