खिडकीतला लाल परकर

प्रिय यामिले,

थांब. दार वाजवू नकोस, आणि पायऱ्या चढून वरही जाऊ नकोस. हे कागद मी काचेला आतून चिकटवलेत, ते तिथेच उभी राहून शेवटपर्यंत वाच. हातातलं सूप गार झालं तर होऊ दे. येणारे-जाणारे वाचतील म्हणशील, तर खुशाल वाचू देत. वरच्या ग्रिसेल्दाला काही वाचता यायचं नाही, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

बघ, आलंच तिचं नाव! काय करू, या साथीने सगळं बंद झाल्यापासून तुझ्या तोंडात दुसरं नावच नाही. आणि तेही मानाने डोन्या लावून, डोन्या ग्रिसेल्दाला हे चावत नाही, डोन्या ग्रिसेल्दाला ते पचत नाही. तुम्ही पोरींनी चौकात सगळ्या टेकडीसाठी एक पातेलं चढवलंत ना, ज्या घरात चूल पेटली नाही त्याने खिडकीत लाल फडकं लावायचं, मग तुम्ही तिथे थांबणार, तेव्हा मी दिसेल त्याला सांगत होते, ती पुढे चाललीय ना डाव हातात घेऊन, ती माझी लेक. आणि माझ्या वाट्याला काय आलं? पायरीवर पिशवी ठेवायचीस आणि लांबून ओरडायचीस, आई, मागे सरक, तुला दमा आहे, तुला साखर आहे! तशीच वर जायचीस. तिचं घर आपल्या डोक्यावर, मध्ये नुसता पत्रा. तू तिला भरवतेस, तिचे केस विंचरतेस, मला सगळं ऐकू येतं. हसतेस ते तर फारच ऐकू येतं. माझ्याजवळ बसून अशी कधी हसली होतीस गं? वर ती बया पत्र्यावर काठी आपटून मला सांगणार, एल्विरा, तुझ्या पोरीच्या हातात काय माया आहे! माझा नुसता जळफळाट व्हायचा. अगं, माझीच पोर, आणि तिच्या मायेचं कौतुक मला या बाईने सांगायचं?

तिला दिसत नाही, तिला भरवावंच लागतं, हे मला कळत नाही असं नाही. कळतं. पण कळून काय उपयोग? पोटातली आग काही विझत नव्हती.

म्हणून परवा मी नाचाचा लाल परकर काढला आणि लावला खिडकीत. तू पातेलं घेऊन थांबलीस, बरोबर पातेल्यावरच्या तुझ्या मैत्रिणी, नेल्सी आणि त्या दोघीजणी. मागे फळीवर तांदळाची पिशवी दिसत होती, ती झाकायचं मला सुचलं नाही. नेल्सी फिसकन हसली. तू मात्र लालबुंद झालीस. आई, हे फडकं म्हणजे भूक आहे, चेष्टा नाही, खाली चार पोरांची आई वाट बघतेय! मी म्हटलं, मग जा तिच्याकडे, सगळ्या जगाकडे जा, मी मेल्यावर ये. आणि रडायला लागले. मुद्दाम नाही गं, आलंच रडू. मग तू त्यांना पुढे पाठवलंस, आत आलीस, मास्क काढलास, माझ्या हातचं गुळाचं पाणी प्यालीस आणि न सांगता कंगवा हातात घेतलास. मी पत्र्याकडे बघत मोठ्याने म्हटलं, हळू गं, किती ओढतेस! तिला ऐकू जावं म्हणून. काय सुख झालं मला, काय सांगू.

काल अंगात कणकण होती. वाटलं, गॅसच्या रांगेत उभी राहिले त्याचा शीण असेल. आज सकाळी गुळाचं पाणी ठेवलं, त्यात दालचिनी टाकली, आणि वासच येईना. डबा नाकाला लावला, कांदा फोडून बघितला. काही नाही. आरोग्य केंद्रात फोन केलाय, तपासायला माणूस येणार आहे. तुलाही केला असता, पण माझा खोकला ऐकून तू दार फोडून आत आली असतीस. आता तूही कुणाच्या घरात जायचं नाहीस, ग्रिसेल्दाच्या तर नाहीच. काल वर गेली होतीस, ते मी ऐकलंय. तेवढ्याने तिला काही झालं नसू दे. तू तिच्याकडे जाऊ नयेस असं मला रोज वाटायचं, पण हे असं नव्हतं गं वाटलं, देवाशपथ.

सूप नेल्सीकडे दे. तिला सांग, म्हातारीचा बटाटा बोटांनी कुस्करायचा, चमच्याने नाही. पहिला घास गार करून द्यायचा, आणि डाव्या बाजूने, उजवीकडचे दात दुखतात तिचे. मीठ कमी आहे म्हणून कुरकुरेल, तरी वरून घालायचं नाही. तिला ताप आहे का ते हात लावून बघायचं आणि पत्र्यावर टकटक करून मला कळवायचं.

आता जरा काचेच्या जवळ ये आणि मास्क खाली कर. मध्ये काच आहे, काही होत नाही. मला तुला नीट बघू दे.

फक्त तुझीच,
आई