वर निरालीचं, खाली आमचं

३ सप्टेंबर, बुधवार

आज भांडी धुण्याचं मशीन बघितलं आणि तासभर तिथून हललो नाही. गेलो होतो मिक्सरचं भांडं बदलायला!

दुकानात दोन प्रकार होते. एक नेहमीचं — समोर दार, ते आडवं खाली पडतं, मग वाकून आतली जाळी ओढायची. दुसरं ड्रॉवरवालं. एकावर एक दोन ड्रॉवर, कपाटाला असतात तसे. वरचा ओढला तर कमरेच्या उंचीला, वाकणं नाहीच. नुसता ढकलला की अलगद आत गेला, आणि आत गेल्यावर वरून एक झाकण आपोआप उतरून घट्ट बसलं. मी पंधरा वेळा उघडबंद केलं. सुरतेजवळ सचिन गावातल्या मिलमध्ये चौतीस वर्षं कापड रंगवायची जेट मशीनं सांभाळली, झाकणं आवळता आवळता मनगटं गेली. इथे झाकण आपलं आपण बसतंय!

दुकानातल्या ज्योतीबाई अकोल्याकडच्या निघाल्या. मराठी ऐकून खूश झाल्या. मी किंमत विचारली, मग पाणी मागितलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

मुलाचा, योगराजचा फोन आला. त्यांचा पाल भागातला भाड्याचा फ्लॅट ऑक्टोबरअखेर खाली करायचाय, घरमालकाच्या मुलाचं लग्न आहे. दुसरा भाड्याने बघतोय म्हणाला. मी म्हटलं, दिंडोलीत आपलं घर असताना दुसरा कशाला? मग म्हणाला, "आप्पा, निरालीला विचारून सांगतो."

निराली म्हणजे आमची सून. कतारगामच्या स्वामिनारायण पाळणाऱ्या घरातली, कांदा-लसूणसुद्धा खात नाही. आमच्याकडे दर रविवारी काळ्या मसाल्याचं मटण. लग्नाच्या वेळीच ठरलं होतं — तिची भांडी वेगळी, आमची वेगळी. वर्षभर सुरळीत चाललं. मग एका रविवारी तिच्या तपेलीला मटणाच्या रश्श्याचा वास आला. तिच्या देव्हाऱ्यातल्या ठाकोरजींच्या नैवेद्याचं दूध ती त्या तपेलीत तापवायची. महिन्याच्या आत दोघं पालला राहायला गेली. दोन वर्षं झाली. सणाला येतात, निराली पाणी पिते, जेवत नाही.

आता दोन महिने हातात आहेत. एक तर दोघं परत येतील, नाही तर कायमची गेली.

७ सप्टेंबर, रविवार

पुन्हा दुकानात. या वेळी टेप घेऊन.

आधी दोष लिहितो. ड्रॉवर उथळ आहे. मोठी कढई, पाहुणे आले की निघतात ती पातेली — काही मावणार नाही. लोखंडी तवा आणि पितळ घालायचंच नाही. पाणी जड असेल तर मशीनला मीठ लागतं, आणि आमच्याकडे बोअरचं पाणी, म्हणजे मिठाची पिशवी आलीच. किंमत दारवाल्याच्या दुपटीला टेकते. बिघडलं तर दुरुस्तीवाला सुरतेत भेटेलच असं नाही. आणि एक दोष फक्त फिटरलाच दिसेल: ड्रॉवर पुढे-मागे होतो म्हणजे मागची पाण्याची नळी रोज वाकणार, आणि रोज वाकणारी नळी एक दिवस चिरणार. ज्योतीबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, असं आजवर कोणी विचारलं नाही जी."

तरी माझं मन त्याच मशीनवर बसलंय. एक ड्रॉवर भरला की तेवढाच चालवा, दोन ताटांसाठी अख्खं मशीन भरायची वाट बघायला नको. मध्येच वाटी राहिली — थांबवा, ओढा, टाका. मोटर थेट फवाऱ्याखाली, पट्टा नाही, मग पट्टा तुटणारही नाही. कुणी केलंय हे, त्याचे हात बघायला हवेत! पण खरी गोष्ट पुढेच आहे. दोन्ही ड्रॉवर एकमेकांचे कोणी लागत नाहीत. वरच्याचं पाणी वेगळं, पंप वेगळा. खालच्याचं सगळं वेगळं. दारवाल्या मशीनमध्ये निरालीची तपेली आणि आमचं मटणाचं पातेलं एकाच पाण्यात न्हाणार. इथे नाही. वर निरालीचं, खाली आमचं.

घ्यायचं. फंडाचे पैसे कशाला ठेवलेत?

११ सप्टेंबर, गुरुवार

बायकोला, मंगलला सांगितलं. एक तर पितृपक्ष लागलाय, त्यात नवी वस्तू. आणि तिला मशीनच नको. "माले दोन हात शेतस," म्हणाली तिच्या अहिराणीत, मला दोन हात आहेत. मी तिला झाकण कसं उतरतं ते हाताने करून दाखवलं. ती भाकरी थापत राहिली. तवा उतरवला आणि मग बोलली, "जे करानं शे ते सोडीसन बाकी समदं करतस तुम्ही."

करायचं ते सोडून बाकी सगळं करतो मी — तिला काय म्हणायचंय ते मला बरोबर कळलं. मी बाहेर निघून आलो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

लिहूनच टाकतो. ही वही कोण वाचणार आहे!

तो रस्सा मी तापवला होता. मंगल त्या दिवशी लिंबायतला बहिणीकडे गेली होती, निराली माहेरी. सकाळचा रस्सा उरला होता. आमचं पातेलं सापडेना, समोर तपेली दिसली, घेतली. आळस — दुसरं काही नाही. नंतर घासून जागेवर ठेवली. मला वाटलं, झालं. काळ्या मसाल्याचं तेल काठाच्या वळीत बसतं हे डोक्यातच आलं नाही.

संध्याकाळी निरालीने दूध ठेवलं आणि वास आला. तिने मंगलला विचारलं, "मम्मी, आ तमे कर्युं?" — हे तुम्ही केलंत का? मंगलला बघताक्षणी कळलं असणार कोणी केलंय. ती काहीच बोलली नाही. मी बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर. टीव्हीचा आवाज कमी केला, आणि पुन्हा वाढवला.

या लग्नाला मंगल राजी नव्हती, मी होतो. निरालीने पहिल्या दिवसापासून मला पप्पा म्हटलं, योगराजच्या आधी माझं ताट वाढलं. तिच्या नजरेतून उतरायची भीती वाटली. आज सांगू, उद्या सांगू — दोन वर्षं गेली. निराली अजून समजते, सासूने मुद्दाम केलं. आणि मी भांड्यांच्या मशीनचे गुणदोष लिहीत बसलोय.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. मशीन बुक केलं. मंगलने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

योगराजला फोन केला. म्हटलं, दसऱ्याला मशीन बसतंय, मग निरालीला घेऊन ये. तो हसला. "आप्पा, तुम्ही खरंच घेतलं?" किती दिवसांनी हसला.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा! मशीन बसलं. सुतार सुकलालने ओट्याखालचं जुनं कपाट कापून जागा केली, कंपनीचा माणूस नळ जोडून गेला. दरवर्षी या दिवशी मिलमध्ये जेटची पूजा करायचो, यंदा याची केली. हळदकुंकू, झेंडूची माळ. माळ ड्रॉवरमध्ये अडकली, मग काढावी लागली.

पहिली खेप खालच्या ड्रॉवरची. सहा ताटं, वाट्या, पेले. मी ओट्याला कान लावून बसलो. आवाज म्हणजे शेजारच्या घरात कोणी हळूच पाणी ओततंय एवढाच. ताटं निघाली ती कोरडी, गरम, लखलखीत. मंगलने एक ताट उलटसुलट केलं, बोट फिरवलं. खोट सापडेना. शेवटी म्हणाली, "बरं धवस." मंगलच्या तोंडून 'बरं धुतं' एवढं म्हणजे सोन्याचं पदक!

तिचे हातही मी आज नीट बघितले. बोटांच्या पेरांना भेगा पडल्यात. एवढ्या वर्षांत बघितल्या नव्हत्या. मशीन आधी तिच्यासाठी घ्यायला हवं होतं.

५ ऑक्टोबर, रविवार

एक शंका मनातून जाईना. वरचं पाणी वेगळं, खालचं वेगळं — पण मागे जाऊन दोघांचं सांडपाणी एकाच नळीत उतरतं. नळी तुंबली आणि खालचं पाणी उलटं वर चढलं तर? निराली इच्छापोरला हिऱ्यांच्या लॅबमध्ये आहे, खोट शोधणं हेच तिचं काम. ती हे विचारणारच. नुसतं "नाही चढत" म्हणून चालणार नाही.

म्हणून मिलचा जुना कलरमास्तर भाईदास याला बोलावलं. येताना त्याने पुडीत सुती कापडाचा लाल रंग आणला. खालच्या ड्रॉवरमध्ये रंग, वरच्या ड्रॉवरमध्ये ब्लीच केलेलं पांढरंशुभ्र कापड. दोन्ही एकदम चालू केले, आणि सांडपाण्याची नळी मी मधूनमधून हाताने दाबून धरली — पाणी उलटं जाऊ दे, जायचं असेल तर. चौतीस वर्षांत कापडाच्या रंगाची शेड एवढ्या काळजीने बघितली नव्हती.

वरचं कापड काढलं. भाईदासने ते खिडकीशी नेलं, दोन घड्या केल्या, चार केल्या. घड्या वाढल्या की फिकट छटाही दिसते. काही नाही. पांढरं! भाईदास म्हणाला, "शालिग्राम, पास." आम्ही दोघं म्हातारे स्वयंपाकघरात हात मिळवत उभे होतो. मंगल हसली. खरंच हसली.

६ ऑक्टोबर, सोमवार

खालच्या ड्रॉवरची जाळी गुलाबी झाली! जाळीवर नायलॉन असतं आणि नायलॉन रंग धरतं. हे मला कोणी सांगायला हवं होतं का? आता जन्मभर गुलाबी.

१२ ऑक्टोबर, रविवार

योगराज आणि निराली आले. मी निरालीला सरळ ओट्याशी नेलं. झाकण दाखवलं, दोन पंप दाखवले, मग कापड तिच्या हातात दिलं आणि रंगाची सगळी गोष्ट सांगितली. ती कापड घेऊन खिडकीशी गेली, अगदी भाईदाससारखी. गुलाबी जाळी बघून हसली. म्हणाली, "पप्पा, लॅबमध्येसुद्धा एवढी चेकिंग नाही करत." मला स्वर्ग दोन बोटं उरला.

मग तिने कापडाची घडी घातली आणि ओट्यावर ठेवली. आवाज हळू. "पप्पा, वांधो भांड्याचा नव्हताच. भूल झाली असती तर मी चार दिवसांत विसरले असते. पण मम्मींनी जाणूनबुजून केलं. माझ्या ठाकोरजींच्या भांड्यात. मी विचारलं तर हो नाही, ना नाही. यात मशीन काय करणार?"

मंगल तिथेच होती, दोन हातांच्या अंतरावर. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ताटं पुसत राहिली — मशीनमधून कोरडी निघालेली ताटं. मला तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी म्हणालो, "मिठाचा डबा या बाजूला असतो."

योगराजने चहा घेतला, निरालीने पाणी, आणि दोघं गेली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

शालिग्राम, तू भित्रा आहेस.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मंगल दिवाळीसाठी डबे घासत होती. ड्रॉवरमध्ये मावत नाहीत असे उंच डबे. मी तिच्या शेजारी खाली बसलो आणि विचारलं, दोन वर्षांत तू एकदाही का सांगितलं नाहीस? मला वाटलं ती रडेल, नाही तर ओरडेल. ती डबा घासत घासतच बोलली. "सासूवर राग धरानी रीतच शे. तुम्हले ती बाप मानस. तुमनावरनं मन उडी गयं असतं ते ती या घरनं नाव बी लेती नही."

म्हणजे घराचा एक धागा तुटू नये म्हणून ही बाई दोन वर्षं सुनेच्या नजरेत वाईट राहिली. माझ्या जागी. आणि त्या दोन वर्षांत मी रोज तिच्या हातची भाकरी खाल्ली, कधी मीठ कमी म्हणून तोंडही वाकडं केलं! मला रडू आलं. तिने ओल्या हातानेच मला बाजूला सारलं, डबे सुकायला ठेवायचे होते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

पालला जाऊन आलो. निराली एकटीच होती, सुट्टीवर. खुर्चीवर बसायच्या आधीच सांगून टाकलं, नाही तर पुन्हा मिठाच्या डब्यावर गेलो असतो. तपेली मी घेतली, मी तापवलं, मी घासली, मी गप्प बसलो. सगळं.

तिने एकच विचारलं. "मम्मींना माहीत होतं?"

मी म्हणालो, पहिल्या दिवसापासून.

ती उठली, माझ्यासमोरचा पाण्याचा पेला उचलून आत घेऊन गेली. ती परत बाहेर आली नाही. मग मी चपला घातल्या.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. योगराज एकटा आला, मिठाईचा डबा ठेवून गेला. निरालीचं काही बोलला नाही. मंगलने दोन ताटं जास्त वाढली होती, ती तशीच काढून ठेवली.

२६ ऑक्टोबर, रविवार

लाभपंचमी, इकडचा नव्या कामाचा मुहूर्त. सकाळी नऊला दारात टेम्पो. योगराज, निराली, सगळं सामान. निराली मंगलच्या पाया पडली, मग तिला मिठी मारून उभी राहिली, कितीतरी वेळ. माझ्या समोरून गेली, थांबली नाही. दिवसभर दोघी आत बोलताहेत. मंगल एवढं बोलते हे मी विसरलो होतो. मी बाहेर दाराच्या पायरीवर बसून ऐकतोय. मला अजून कोणी आत बोलावलेलं नाही.