केसांतली रुई

आर्णी, रविवार, २७ नोव्हेंबर २००५

मैत्रिणी आत्ताच गेल्या. भांडी तशीच पडलीत आणि मी लिहीत बसलेय.

शबानाचा वाढदिवस शाळेच्या जमान्यासारखा करायचं खूळ माझंच. पुढच्या महिन्यात ती नवऱ्यामागे सुरतेला जाणार. तो आमच्या गल्लीमागच्या, कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये फिटर होता, आणि ती जिनिंग दोन हंगाम झाले बंद आहे. म्हणून सगळ्यांना बजावलं होतं, दोन वेण्या घालून, लाल रिबिनी बांधूनच या. केक नाही. चिवडा, बोरकूट, लिंबाचं सरबत. चाळिशीच्या बायका रिबिनीत! हसून हसून पोट दुखलं.

तरी काहीतरी कमी वाटत होतं. काय, ते कळेना. उगाच चिडचिड करत होते, आधी चिवड्यावर, मग रिबिनींवर.

निघताना शबाना दारात थांबली. माझ्या केसांतून चिमटीने काहीतरी उचललं आणि फुंकर मारली. शाळेत जाताना जिनिंगची रुई उडून आमच्या केसांत बसायची. वर्गात शिरायच्या आधी ती माझ्या केसांतली वेचायची, मी तिच्या.

"काय होतं वं?" मी विचारलं.

ती आपल्याच बोटांकडे पाहत राहिली. "काई नाई वं. हाताले सवय हाय."

रिबिनी बाजारात मिळाल्या. रुई कुठून आणणार होते मी?

मग मीही तिच्या केसांतून वेचत राहिले, बराच वेळ. केसांत काहीच नव्हतं. तरी ती मान वाकवून उभी राहिली, वर्गाच्या दाराशी राहायची तशी.